पाऊस आपला, पाणी कुणाचे?



वैशाखातली गोष्ट आहे. महाविद्यालयातल्या दहाबारा मुलांना घेऊन मी आंदर मावळातल्या एका वाडीवर गेलो होतो. ऊन मी म्हणत होते. खाली दूरवर ठोकरवाडीच्या जलाशयाचे पाणी चमकत होते, आणि वर वाडीतल्या बायका एका झिऱ्याभोवती हंडे मांडून बसल्या होत्या. झिऱ्यात वाटीवाटीने पाणी साचायचे, ते करवंटीने उपसून हंड्यात भरायचे. एक हंडा भरायला अर्धा तास. आमच्यातल्या एका मुलाने भाबडेपणाने विचारले, "आजी, इथे पाऊस कमी पडतो का हो?" म्हातारी हसली. म्हणाली, "पाऊस कशाचा कमी? आषाढात दार उघडता येत न्हाई. पाऊस पडतो आमच्या डोक्यावर, आन् पानी बघाया खाली जावं लागतं. पाऊस आमचा, मास्तर, पण पानी कुणाचं?"

या प्रश्नाला माझ्यापाशी तयार उत्तर नव्हते. तो प्रश्न मी घरी घेऊन आलो. आज आपल्याशी बोलायचे आहे ते त्याच प्रश्नाबद्दल. पाऊस कुठून येतो, तो आल्यावर कुठे जातो, आणि या येण्याजाण्यात डोंगरावरच्या रानाचा हात किती, एवढाच माझा विषय आहे.

प्रथम आपल्या मुलखाकडे पाहू. सूर्य मावळतो तिकडचा प्रदेश तो मावळ, असे आपण म्हणतो. आंदर मावळ, नाणे मावळ, पवन मावळ ही नावे आपल्याला परिचयाची आहेत. आंद्रा, कुंडलिका, इंद्रायणी, पवना या नद्या इथेच डोंगराच्या कुशीत जन्म घेतात. देहूला आणि आळंदीला ज्या इंद्रायणीत वारकरी स्नान करतो, ती लोणावळ्याजवळ कुरवंड्याच्या बाजूला उगम पावते. म्हणजे देशावरच्या पाण्याचे माहेर हा आपला घाटमाथा होय.

या घाटमाथ्यावर पाऊस किती? लोणावळ्याला वर्षाकाठी सुमारे ४००० मिलिमीटर, म्हणजे वडिलांच्या भाषेत दीडशे इंचांच्या वर. आणि तिथून पूर्वेला साठ-पासष्ट किलोमीटरवरच्या पुण्याला? सुमारे ७०० मिलिमीटर. सकाळच्या लोकलने लोणावळ्याहून निघालेला माणूस दीड तासात पुण्याला उतरतो. तेवढ्या प्रवासात पाऊस पाचसहा पटींनी उतरलेला असतो.

असे का व्हावे? कारण अगदी साधे आहे. जून महिन्यात अरबी समुद्रावरून बाष्पाने भरलेले वारे येतात. समुद्र लोणावळ्यापासून सरळ रेषेत साठएक किलोमीटरवर. हे वारे कोकणपट्टीवरून येतात आणि सह्याद्रीच्या भिंतीला अडतात. भिंत ओलांडायची तर वर चढणे भाग. हवा वर चढली की थंड होते, थंड हवेला बाष्प सांभाळता येत नाही, आणि ती ते टाकून देते. भिंत ओलांडून वारा पुण्याकडे उतरतो तेव्हा त्याची झोळी रिकामी होत आलेली असते. यालाच भूगोलाच्या पुस्तकात पर्जन्यछाया म्हणतात.

आता इथे मला एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे, कारण शाळेच्या भिंतीवर आपण वेगळेच लिहून ठेवले आहे. 'झाडे लावा, पाऊस पाडा.' हे वाक्य चांगल्या मनाने लिहिलेले आहे, पण लोणावळ्याच्या बाबतीत ते अर्धेच खरे आहे. आषाढातला हा धो धो पाऊस समुद्र पाठवतो आणि डोंगर पाडतो. उद्या दुर्दैवाने सारे डोंगर बोडके झाले, तरी समुद्र आणि डोंगर जागेवर आहेत तोवर आषाढात पाऊस पडेलच. मग रानाचे काम काय? पडलेल्या पावसाला थांबवून धरायचे, त्याला आठ महिने पुरवायचे, आणि त्यातला काही भाग पुन्हा हवेत सोडून पुढच्या मुलखाला द्यायचा, हे ते काम. पाऊस आपोआप येतो. तो आपला होतो तो रानामुळे. म्हातारीच्या प्रश्नाचे उत्तर इथे कुठेतरी आहे.

थोडा हिशेब करू. शिक्षक बंधूभगिनींनी तो फळ्यावर मांडून पाहावा. एक एकर म्हणजे सुमारे ४०४७ चौरस मीटर. त्यावर ४ मीटर पाऊस पडला, म्हणजे झाले सुमारे १६,००० घनमीटर पाणी. लिटरात सांगायचे तर एक कोटी साठ लाख लिटर. माणशी रोज ४० लिटर धरले, तर एका एकरावरचा पाऊस अकराशे माणसांना वर्षभर पुरेल. वाडीत माणसे दोनशे, आणि डोंगर शेकडो एकर! तरी वैशाखात करवंटीने पाणी उपसावे लागते. म्हणजे उणीव पावसाची नाही, तो मुक्कामाला राहत नाही ही उणीव आहे.

आपण म्हणाल, धरणे आहेत ना? आहेत. वळवण, लोणावळा आणि शिरवटा या तलावांचे पाणी १९१५ पासून घाट उतरून खोपोलीच्या वीजघरात जाते. ठोकरवाडीचे पाणी १९२२ पासून भिवपुरीला जाते. पवना धरण १९७२ सालचे. त्यातून वीज झाली, कारखाने चालले, शहरांना पाणी मिळाले. त्याचे मोल मी कमी करीत नाही. पण धरणाचे पाणी उताराने खाली जाते. धरणाच्या वर, डोंगराच्या पदरावर जी वाडी आहे, तिचे धरण म्हणजे डोंगरच. आणि त्या धरणाची भिंत म्हणजे रान.

ते कसे, ते पाहू. उघड्या उतारावर पावसाचा थेंब आदळतो तो जणू छोटी पहार मारल्यासारखा. माती उडते, तिची बारीक छिद्रे गाळाने बुजतात, आणि मग पाणी आत न शिरता लाल होऊन ओढ्याने पळत सुटते. तोच थेंब दाट रानावर पडला, तर आधी आंब्या-जांभळाच्या उंच शेंड्यावर थांबतो, तिथून खालच्या अंजनीच्या पानावर, तिथून झुडपावर, आणि शेवटी कुजलेल्या पाचोळ्याच्या गादीवर अलगद येतो. त्या गादीखाली माती भुसभुशीत असते. जुन्या मुळ्या कुजून तिथे नळ्या झालेल्या असतात, गांडुळांची आणि खेकड्यांची बिळे असतात. पाणी त्यातून खाली मुरते. आपला सह्याद्री काळ्या खडकाच्या थरांवर थर रचून झालेला आहे. एखादा थर घट्ट, तर एखादा भेगांचा, सच्छिद्र. मुरलेले पाणी सच्छिद्र थरातून हळूहळू सरकते आणि खाली घट्ट थर लागला की डोंगराच्या कुशीतून झरा होऊन बाहेर येते. आषाढात मुरलेला थेंब असा फाल्गुन-चैत्रात आपल्या हंड्यात पडतो.

प्रामाणिकपणे हेही सांगतो, की रान स्वतःही पाणी पिते. झाडे फुकट काही करीत नाहीत. एखाद्या ठिकाणी मातीच उरली नसेल, खडक उघडा पडला असेल, तर नुसती रोपे खोचून झरा लगेच वाहू लागत नाही. मुरण्याची शक्ती आहे ती रानाने शेकडो वर्षांत केलेल्या मातीत. म्हणूनच असलेले रान राखणे हे नवे लावण्यापेक्षा कितीतरी स्वस्त.

आता रान म्हणजे काय, याविषयी थोडे बोलू. कारण आपण झाडे मोजतो आणि रान विसरतो. विषुववृत्ताजवळची बारमाही पावसाची जी वर्षावने आहेत, तशी आपली राने नाहीत. आपल्याकडे चार महिने जलप्रलय आणि आठ महिने कोरड. म्हणून मावळातले, भीमाशंकरचे रान हे निमसदाहरित. पाऊस तोच, पण इथल्या झाडांना उन्हाळ्याचीही तयारी ठेवावी लागते. आणि ही तयारी कोणतीही एक जात एकट्याने करू शकत नाही.

उदाहरणे घेऊ. उंबर फोडले की आत किडे दिसतात, आणि आपण नाक मुरडतो. पण उंबराची फुले फळाच्या आतच असतात, आणि एका विशिष्ट जातीचे चिलटाएवढे कीटक आत शिरल्याखेरीज त्याचे बी धरत नाही. तो कीटक उंबरावाचून जगत नाही, उंबर त्याच्यावाचून वाढत नाही. इतर झाडांवर खायला काही नसते अशा दिवसांतही वड, उंबर, नांद्रुक यांतले कोणते ना कोणते झाड फळलेले असते. त्यावर धनेश, हरियाल, बुलबुल, वटवाघळे जगतात. तेच पक्षी जांभळाच्या आणि इतर कित्येक झाडांच्या बिया दूरवर नेऊन टाकतात. आता समजा, नदीकाठचे चार उंबर आपण तोडले. वरवर पाहता चार झाडे गेली. खरे पाहता धनेशाचे जेवण गेले, आणि धनेश गेला की डोंगरावर बी पेरणारा गडी गेला.

कारवी घ्या. सात वर्षांनी एकदा फुलते, बी टाकते आणि वाळते. आपल्याला ती कुडाच्या भिंतीपुरती ठाऊक. पण जिथे मोठे झाड उभे राहू शकत नाही अशा तीव्र उतारावर माती धरून ठेवणारी कारवीच. हिरडा घ्या, त्याचा बाळहिरडा वेचून भीमाशंकरच्या बाजूला कितीतरी महादेव कोळी कुटुंबांची मिठामिरचीची सोय होते. आणि जमिनीखालीही वस्ती आहे. देवगांडूळ नावाचा एक प्राणी आहे. दिसतो गांडुळासारखा, पण जातीने तो बेडकाचा भाऊबंद; त्याला पाय नसतात आणि तो ओल्या मातीत राहतो. त्यातली एक जात टेलर नावाच्या शास्त्रज्ञाने १९६० साली जगापुढे आणली, ती आपल्या खंडाळ्याच्या मातीतली. माती सुकली की असा जीव संपतो. म्हणजे तो जिवंत असणे हीच माती ओली असल्याची साक्ष.

या सगळ्या गोतावळ्याला आज जैवविविधता म्हणतात. शब्द नवा आहे. गोष्ट आपल्या आजीला ठाऊक होती. एक जात आजारी पडली तर दुसरी तिचे काम सांभाळते. एकीची मुळे वरवरची, दुसरीची खोल. एकीची पाने माघात गळतात, दुसरीची चैत्रात. म्हणून जमीन कधी उघडी पडत नाही. नुसत्या ऑस्ट्रेलियन बाभळीची किंवा गिरिपुष्पाची रांग लावली, तर हिरवे दिसते, पण तो गोतावळा येत नाही. भाड्याने आणलेली माणसे बसवून घर भरल्यासारखे दिसते, पण ते कुटुंब होत नाही, तसेच हे.

आता हवामानाकडे वळतो. माठातले पाणी गार का होते, हे आपण जाणतो. माठ पाझरतो, पाझरलेले पाणी उडून जाते, आणि जाताना उष्णता घेऊन जाते. एक लिटर पाण्याची वाफ व्हायला सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता लागते. मोठे झाड म्हणजे असाच पाझरता माठ. जमिनीतले पाणी मुळांनी ओढून ते पानांतून हवेत सोडते. ओलाव्याची सोय असेल तर एखादा मोठा वृक्ष दिवसाला शंभर लिटरांच्या वर पाणी असे सोडतो. अशी हजारो झाडे एका खोऱ्यात असली, की त्या खोऱ्याची हवाच निराळी होते. त्या वैशाखात आम्ही उघड्या माळावरून वाडीच्या देवराईत शिरलो, तेव्हा मुले एकदम गप्प झाली. थंडावा असा, की कोणी पाण्याचा हात पाठीवरून फिरवावा. भीमाशंकरला दाट धुक्यात झाडांच्या खोडांवर शेवाळ आणि फांद्यांवर आमरीची फुले दिसतात. धुक्याचे बारीक कण पानांना लागून थेंब होतात आणि खाली ठिबकतात.

ही झाली जागच्या जागची गोष्ट. पण झाडांनी सोडलेले बाष्प तिथेच राहत नाही. वारा ते पुढे नेतो. दक्षिण अमेरिकेतल्या ॲमेझॉनच्या वर्षावनात एनेआस सलाती या ब्राझिलच्या शास्त्रज्ञाने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पावसाच्या पाण्यातल्या जड आणि हलक्या अणूंची तपासणी केली. १९७९ साली त्यांनी दाखवून दिले, की तिथल्या पावसातला जवळजवळ निम्मा भाग रानानेच एकदा पिऊन पुन्हा हवेत सोडलेला असतो. तोच पाऊस पुन्हा पुन्हा पडत आत जातो. आपल्याकडे समुद्र जवळ असल्याने घाटमाथ्यावर हे प्रमाण तसे नाही. पण घाटाच्या पलीकडचे काय? मुंबईच्या आयआयटीतील संशोधकांनी याचा अभ्यास केला. झाडीची जागा शेतीने घेतल्यामुळे उत्तर आणि ईशान्य भारतातला मोसमी पाऊस दुबळा होतो, असे त्यांनी २०१६ साली मांडले. पुढे २०१८ साली त्यांनी दाखवले, की तमिळनाडूवर पडणाऱ्या नैर्ऋत्य मोसमी पावसाच्या ओलाव्यात पश्चिम घाटाच्या झाडीचा मोठा वाटा आहे, आणि पाऊस ओढ देतो अशा वर्षी तर तो वाटा वाढतो. हा मुद्दा नीट लक्षात घ्या. समुद्राकडून भरपूर येते तेव्हा रानाची देणगी ठळक दिसत नाही. समुद्र हात आखडतो तेव्हा रान हात देते. वाईट वर्षात उपयोगी पडतो तोच खरा सोयरा. तेव्हा भिंतीवरचे ते वाक्य दुरुस्त करायचे तर असे करता येईल: 'रान राखा, पाऊस टिकवा.'

हे ज्ञान अगदी आजचे आहे असेही नाही. कार्ल्याच्या लेण्यात आपण एकवीरेच्या दर्शनाला जातो. तिथल्या चैत्यगृहात मान वर करून पाहा: दोन हजार वर्षांपूर्वीच्या लाकडी कमानी अजून जागेवर आहेत. तिथल्या शिलालेखात या प्रदेशाचे 'मामल' हे नावही आहे. लेण्यांच्या शेजारी कातळात पाण्याची टाकी कोरलेली आहेत. रान आणि पाणी या दोहोंची काळजी घेतल्याशिवाय डोंगरावर वस्ती होत नाही, हे त्या कारागिरांना माहीत होते.

गेल्या दोनशे वर्षांत हिशेब बदलला. जहाजांना लाकूड हवे, कोळशाला लाकूड हवे. पुण्याजवळ दापोडीच्या वनस्पती उद्यानाचे प्रमुख असलेले डॉक्टर अलेक्झांडर गिब्सन यांनी डोंगर उघडे पडले की झरे आटतात, हे पाहून सरकारला जागे करण्याचा प्रयत्न केला. १८४७ साली ते मुंबई इलाख्याचे वनसंरक्षक झाले. पुढे १८६३ साली बोरघाटातून रेल्वे सुरू झाली, आणि लोहमार्गाखाली घालायला पुन्हा लाकूडच लागले.

या साऱ्यातून वाचल्या त्या देवराया. वाघजाई, काळकाई, भैरोबा यांच्या नावाने राखलेल्या रानातून वाळकी काटकीसुद्धा न्यायची नाही, असा पूर्वजांचा दंडक. पवन मावळात आजिवलीला अशी देवराई आहे. भेरली माडाच्या झाडांसाठी ती ओळखली जाते. पुण्याचे डॉ. वा. द. वर्तक आणि डॉ. माधव गाडगीळ यांनी १९७० नंतरच्या दशकात महाराष्ट्रातल्या देवराया पायी हिंडून नोंदल्या. त्या वेळचा एक प्रसंग सांगण्यासारखा आहे. कोकणात श्रीवर्धन तालुक्यातल्या गाणी या गावची देवराई तुटण्याच्या बेतात होती. गावकऱ्यांनी या शास्त्रज्ञांकडे धाव घेतली. देवाची भीती हे एक कारण होतेच. पण त्यांनी सांगितलेले मोठे कारण असे, की गावाचा ओढा या राईवर जगतो, राई गेली की पाणी गेले. बघा, शास्त्रज्ञ ज्याला पाणलोट म्हणतात, त्याला गाव काळकाई म्हणत होते.

आज देवराईला धोका कुऱ्हाडीचा आहे, तसाच श्रद्धेच्या नव्या रूपाचाही आहे. देवीचे साधे ठाणे जाऊन तिथे काँक्रीटचे मंदिर होते, सभामंडप होतो, गाड्यांसाठी रस्ता आणि वाहनतळ होतो. देवी तीच राहते, पण तिचे रान जाते. मुंबई-पुणे महामार्गाच्या दोन्ही अंगांना डोंगर कापून बंगल्यांचे प्लॉट पडले. जमीन विकलेल्या शेतकऱ्याला मी दोष देत नाही. भाताच्या पिकावर मुलांची शिक्षणे होत नाहीत, हे मी जाणतो. पण डोंगराचा पदर कापताना त्यातून जाणारी पाण्याची वाट आपण कापतो, एवढे तरी व्यवहार करताना ध्यानात असावे.

आंबेगाव तालुक्यात ३० जुलै २०१४ रोजी माळीण गाव दरडीखाली गेले. दीडशेच्या आसपास माणसे गेली. दरड कोसळायला कारणे अनेक असतात: मुसळधार पाऊस, कुजलेला खडक, उताराची मोडतोड. दाट झाडी असली की दरड कधीच येत नाही, असे मी म्हणणार नाही. पण मातीला धरून ठेवणारी मुळे काढून घेऊन वर उताराला खाचे पाडायचे, हा जुगार आहे, आणि डावावर माणसे लागलेली असतात.

मग आपण काय करावे? मोठ्या गोष्टी सरकारने कराव्यात. पश्चिम घाटातली ३९ ठिकाणे २०१२ साली जागतिक वारशाच्या यादीत गेली. त्यांत महाराष्ट्रातली चार, कास, कोयना, चांदोली आणि राधानगरी. मावळातले एकही रान त्या यादीत नाही. म्हणजे आपल्या रानाला आपणच राखणदार. तेव्हा आपल्या हातातल्या चार गोष्टी सांगतो.

शेतकरी बंधूंनो, भाताच्या राबासाठी आपण झाडांचा टहाळ तोडता. इंद्रायणी भात मावळची शान आहे. १९८७ साली ही जात आली, तिने आपल्याला नाव दिले. पण त्या भाताच्या रोपासाठी दरवर्षी आईन आणि जांभूळ ओरबाडून काढायची गरज आता उरलेली नाही. शेणखत घातलेल्या गादीवाफ्यावर रोप चांगले येते. दुसरे, वणवा. चांगले गवत येईल म्हणून माघात डोंगर पेटवला जातो. त्या आगीत पाचोळ्याची गादी जळते, वर्षभराची उगवलेली रोपे जळतात, आणि आषाढात उघडी माती वाहून जाते. गावाने मिळून डोंगराच्या पायथ्याशी जाळपट्टे काढावेत. तिसरे, झऱ्याच्या वरचा उतार. झरा जिथे फुटतो त्याच्या वरच्या अंगाला पाणी मुरते. तेवढा पट्टा तरी गुरे आणि कुऱ्हाड यांच्यापासून राखा. चार-पाच पावसाळे त्याला हात लावला नाही, तर पुष्कळ जागी रोपे आपण होऊन वर येतात. पक्ष्यांची पेरणी चालू असते.

चौथी गोष्ट शिक्षकांसाठी. दोन रिकामे डबे घ्या, तळाला भोके पाडा. दोन्हीत सारखी माती भरा. एकात वर पाचोळा घाला, एक उघडा ठेवा. उंचावरून झारीने सारखेच पाणी घाला. कुठले पाणी गढूळ, कुठले नितळ, कोणत्या डब्यातून किती वेळ ठिबकते, हे मुलांना स्वतः पाहू द्या. दोन तापमापके घ्या. एक उघड्या पटांगणात सावलीला, एक देवराईत टांगा, आणि महिनाभर दुपारी दोनच्या नोंदी करा. उत्तर मी सांगत नाही. ते मुलांच्या वहीत येऊ द्या. जैवविविधता कायदा २००२ सालचा आहे. त्यानुसार प्रत्येक ग्रामपंचायतीने आपल्या हद्दीतील झाडे, पशुपक्षी, औषधी वनस्पती यांची लोकांची नोंदवही ठेवायची असते. ही वही कुणीतरी बाहेरून येऊन भरून देण्यापेक्षा मुलांनी आजी-आजोबांना विचारून भरली, तर तिच्यात जीव येईल. झाडाचे नाव ठाऊक असलेला मुलगा ते सहज तोडत नाही.

मला पुन्हा ती वाडी आठवते. जाताना म्हातारीने आम्हाला गुळाचा खडा आणि तांब्याभर पाणी दिले. अर्धा तास बसून भरलेल्या हंड्यातले ते पाणी होते. आमच्या एका मुलाने ते पिताना थेंबही खाली सांडू दिला नाही. तिला मी त्या दिवशी उत्तर देऊ शकलो नाही. आज देतो. आजी, पाऊस कुणाचाच नसतो, तो समुद्राचा पाहुणा. ज्याच्या डोंगरावर रान असेल त्याच्याकडे तो मुक्कामाला राहतो. ज्याचा डोंगर बोडका, त्याच्या दारावरून तो तसाच निघून जातो. त्या झिऱ्याच्या वर जी थोडी राई उरली आहे, ती आहे तोवर तुमच्या हंड्यात वाटीवाटीने का होईना, पाणी आहे. ती वाढली तर वाटीचा तांब्या होईल.

येत्या पावसाळ्यात घाटमाथ्यावरून पहिले ढग येताना दिसले, की आपल्या गावच्या डोंगराकडे एकदा नजर टाका, आणि हा पाहुणा कुठे उतरणार, असे स्वतःला विचारा.